पंगतीतलं गाणं

"विहीण नको," मनस्विनी म्हणाली आणि बशीतला चिवडा चमच्यानं खाली-वर करत शेंगदाणे शोधू लागली. तिच्यापुरता विषय तिथंच संपला होता. समोर बसलेल्या सुदर्शननं मांडीवरच्या टॅबवर बोट फिरवून एक ओळ खोडली. लक्ष्मणराव "हं" म्हणाले. ते कशालाही "हं" म्हणतात, त्यामुळे त्यांचा होकार आणि नकार ओळखायला लग्नानंतर अनसूयेला बरीच वर्षं लागली होती. ती स्वतः चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आपण आत जात होतो की बाहेर येत होतो हेच तिला आठवेना. रविवारची सकाळ होती. मुकुंदवाडी स्टेशनातून एक गाडी भोंगा देत सुटली, खिडकीची काच थोडी थरथरली, आणि सुदर्शन रिसेप्शनच्या गझलवाल्याकडे वळलासुद्धा.

सुदर्शन मूळचा पिशोरचा. आता सिडकोत त्याचं ऑफिस होतं आणि लग्नातलं गाणंबजावणं या टोकापासून त्या टोकापर्यंत तो जमवून द्यायचा. सकाळपासून सगळं झकास चाललं होतं. हळदीला ढोल, सीमांतपूजनाला सनई (ती खरी, रेकॉर्डची नाही, यावर लक्ष्मणराव चक्क भांडले होते), आदल्या संध्याकाळी संगीत, त्यात मनस्विनीच्या पुण्याच्या मैत्रिणींचा नाच, रिसेप्शनला गझल. प्रत्येक गोष्टीवर अनसूयेनं मान डोलावली होती, कारण त्यातलं काहीच तिचं नव्हतं. तिचं होतं ते मधे कुठंतरी येणार होतं आणि ते येणार हे तिनं इतकं गृहीत धरलं होतं की त्याबद्दल बोलायचं असतं हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं. सुदर्शननंच विषय काढला. "काकू, पंगतीत तुमची विहीण. काकांनी सांगितलंय मला. मागनं हळू व्हायोलिन सोडू. लई इमोशनल होतंय ते, मावश्या-आत्या सगळ्या रडतात, व्हिडिओ एकदम भारी येतो." अनसूया लाजली होती. लाजून तिनं ट्रे उचलला होता, आणि तेवढ्यात ते दोन शब्द आले.

"का गं?" लक्ष्मणरावांनी विचारलं. त्यांच्या मानानं हे फार होतं.

"बाबा, ते गाणं म्हणजे माफीनामा आहे," मनस्विनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पोर लहान आहे, तिला काही कळत नाही, चुकली तर पोटात घाला. मी अजून काही केलेलंच नाही ना. आधीच माफी कशाची मागायची? आणि आई गाते इतकं चांगलं की सगळ्यांना ते खरं वाटतं."

शेवटचं वाक्य स्तुतीचं होतं का, हे अनसूयेला आत जाऊन गॅसपाशी उभी राहिल्यावरही ठरवता येईना. तिनं उगाच दुधाचं पातेलं इकडचं तिकडे केलं. विहीण ती पहिल्यांदा शिकली तेव्हा फ्रॉकमध्ये होती. लग्न लागून गेलं की वरमाईची मानाची पंगत बसते, ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, चांदीचं भांडं. आणि वरमाईनं पहिला घास घ्यायच्या आत मुलीकडची एखादी बाई पदर सावरून उभी राहते आणि गाण्यातून तिची विनवणी करते, की आमची लेक आता तुमची झाली, तिला सांभाळा. या गाण्यालाच विहीण म्हणतात. माहेरी, कन्नडला, तिच्या आईचा, द्वारकाबाईंचा, यात हातखंडा होता. तालुक्यातल्या ब्राह्मणांच्या घरचं लग्न द्वारकाबाईंच्या विहिणीशिवाय पार पडलेलं तिला आठवत नाही. आईचा आवाज थकला तेव्हा तो मान आपसूक अनसूयेकडे आला. जालना, पैठण, वैजापूर, कुठंही नात्यात लग्न असलं की पत्रिकेपाठोपाठ फोन यायचाच, "अनसूया, तू येतेस ना? विहीण तुझी." आणि ती जायची. खाली नजर, हातात हात गुंफलेले, सूर मध्यमात धरून ती सुरुवात करायची, आणि दुसऱ्या कडव्याला पंगतीत कुठंतरी नाक ओढल्याचा आवाज यायचा. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण डोळे अर्धवट मिटून गाताना ती पापण्यांच्या फटीतून बघत असायची, कुणाचा रुमाल निघाला, कोण अजून तग धरून आहे. मुलाकडचे एखादे जाडजूड काका जिलबी हातात धरून हुंदका गिळताना दिसले की तिला आत कुठंतरी फार बरं वाटायचं. रडवल्यावर मिळतं तसलं बरं. आता, दुधाच्या पातेल्यासमोर, तिला त्या बरं वाटण्याची पहिल्यांदाच थोडी लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. हिच्या लग्नात गाणार नाही तर मग कुणाच्या?

सुदर्शन गेला. जाताना आत डोकावून म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. अजून फायनल कुठं केलंय? पंगतीला सध्या बासरी टाकलीय, इन्स्ट्रुमेंटल. तुमचं जमलं तर सांगा, बासरी उडवू." ती हसली. बासरी उडवू. इतकी वर्षं ज्या गाण्यासाठी लोक तिला गाडी पाठवत, त्याच्या जागी आता बासरी बसली होती, आणि तीही रेकॉर्डची. दुपारी जेवताना तिनं मनस्विनीला आमटी वाढली, तूप वाढलं, लोणचं हवं का विचारलं. ती बोलत होती सगळं, फक्त लेकीकडे बघत नव्हती. मनस्विनीच्या ते लक्षात आलं असणार. तिच्या सगळं लक्षात येतं. लहानपणीही ती रडायची नाही, बघायची. तिच्याबद्दल 'हिला काही कळत नाही' असं गाणं गायचं म्हणजे तसं जरा हास्यास्पदच होतं, हे अनसूयेला भात कालवता कालवता जाणवलं, आणि तिनं तो विचार भाताबरोबर गिळून टाकला.

संध्याकाळी रूपाताईंचा फोन आला. रूपाताई म्हणजे अमेयची आई, होणाऱ्या विहीणबाई, गारखेड्याला राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. मोकळी बाई. मानपान काही नको असं पहिल्याच भेटीत सांगून त्यांनी लक्ष्मणरावांना अर्धं गार केलं होतं. "अनसूयाताई, एकच मागणं आहे हं माझं," त्या म्हणाल्या. "तुमची विहीण. आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांनी ऐकलीय कुठल्याशा लग्नात, अजून सांगत असतात. आमचं लग्न रजिस्टर झालं हो. माझ्यासाठी कुणी उभं राहून सासूला दोन शब्द सांगितले नाहीत. निदान वरमाई म्हणून तरी समोर बसून ऐकू दे मला." अनसूया "बघू या की" म्हणाली. सांगावंसं वाटलं की लेकीला नको आहे. पण ते सांगितलं तर त्यामागचं कारण सांगावं लागेल, आणि होणाऱ्या सासूला लग्नाआधीच असलं कारण कोण सांगेल? फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की तिला आनंद झालाय. लेकीविरुद्ध आपल्याला एक साक्षीदार मिळाला, असला आनंद.

दुसरा साक्षीदार कन्नडहून बोलला. द्वारकाबाई अनसूयेच्या भावाकडे असतात, कानाला यंत्र आहे, गुडघे गेलेत. भावानं फोन लावून दिला की त्या यंत्रावर विश्वास नसल्यासारख्या ओरडून बोलतात. "विहीण तूच म्हणणार ना गं?"

"बघू आई."

"बघू काय बघू? स्वतःच्या लेकीच्या लग्नात दुसरं कोण म्हणणार? मला गाडीत बसवत नाही आता, पण तेवढ्यासाठी येते. डोळे भरून ऐकते, मग मेले तरी चालेल."

"मरायचं काय त्यात," अनसूया म्हणाली. आई सगळ्या कार्यक्रमांच्या शेवटी मरायची तयारी ठेवते. दिवाळीला आली होती तेव्हाही ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. लक्ष्मणराव पत्रिका वाटायला गेले होते, मनस्विनी ब्लाउज घ्यायला गुलमंडीवर. अनसूया गॅलरीत मेथी निवडायला बसली आणि सवयीनं गुणगुणू लागली. म्हणणार नसलो तरी घोकायला काय हरकत आहे? मुकुंदवाडी स्टेशनाचा तिला एक गुप्त उपयोग होता. इथून सुटणाऱ्या गाड्यांपैकी एकीचा भोंगा बरोबर तिच्या षड्जाला लागायचा. इंजिन बदललं की सूर बदलायचा आणि मग ती दिवसभर जरा नाराज असायची. कन्नडला हेच काम साखर कारखान्याचा भोंगा करायचा. मास्तर म्हणायचे, तानपुरा परवडत नाही त्यानं कारखान्याकडे कान लावावा. मास्तरांकडे ती मध्यमा पूर्णपर्यंत शिकली होती, पुढं विशारद करायचं होतं. तिला बागेश्री चढायचा. संध्याकाळी खिडकीत बसून आलाप घेताना खाली रस्त्यावर बाजाराला आलेले लोक थांबायचे, हे तिला अजून आठवतं. ते रडायचे नाहीत. नुसते थांबायचे, पिशव्या हातात धरून, आणि मग जायचे. त्यांना तिच्याकडून काही नको होतं आणि तिला त्यांच्याकडून. लग्नात रुखवताबरोबर हार्मोनियम आली. ती काही दिवस औरंगपुऱ्याच्या सासरच्या घरात कपाटाशेजारी राहिली, मग माळ्यावर गेली, मग तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या, आणि पुढं कधीतरी कुठल्याशा शाळेला देऊन टाकली. कुणी भांडलं नाही, कुणी मनाई केली नाही. सासूबाई फक्त म्हणाल्या, "क्लास सकाळचा आहे होय? मग डबे कोण करील?" सासूबाई वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. वाईट असत्या तर निदान चिडता आलं असतं. गाणं घरातून गेलं ते असं, कुणीही न हाकलता, आणि उरलं फक्त एक, जे म्हणायला कुणाचीच ना नव्हती. ते एक गाणं तिनं आयुष्यभर गायलं. बागेश्री, आलाप, मास्तर, सगळं त्या चार कडव्यांत कोंबून कोंबून गायलं. लोक रडायचे ते म्हणूनच असेल. आणि गाणं कसलं, तर विनवणीचं.

मेथीच्या काड्या बोटांत तशाच राहिल्या. ती 'चुकली तर'पाशी आली होती आणि तिथंच अडत होती. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथंच. गळ्याला काही झालं नव्हतं. त्या जागी मनस्विनीचा चेहरा येत होता, शेंगदाणे शोधणारा, आणि तो या शब्दांत बसत नव्हता. कुणाचा बसतो हेही तिला दिसलं. एक मुलगी एसटीच्या खिडकीशी बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत बदलायची एक साडी आणि विशारदच्या वर्गाचं माहितीपत्रक. लग्नाची नवी नवलाई नुकती संपली होती. डब्यांवरून बोलणं झालं त्याच आठवड्यात ती कुणाला फारसं न सांगता कन्नडच्या गाडीत बसली होती. आपण काय करणार आहोत हे तिला माहीत नव्हतं, फक्त आईला सांगायचं होतं. द्वारकाबाईंनी दारात काही विचारलं नाही. आधी थालीपीठ लावलं, लोणी दिलं, बाजूला बसून खाऊ घातलं. मग तिनं सांगितलं सगळं, हार्मोनियमवरच्या बरण्यांसकट. आई ऐकत होती. ऐकताना मेथीच निवडत होती की दुसरं काही, ते आता आठवत नाही, पण हात चालू होते. सगळं ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "अगं, पण विहिणीत सांगितलंय ना सगळं त्यांना. एवढा गळा काढून म्हटलंय मी. आता परत काय सांगायचं?" आणि बाबांनी पेपर घडी करत म्हटलं, "संध्याकाळची गाडी आहे." आईचा चेहरा त्या वेळी कठोर नव्हता. खरंच कोड्यात पडल्यासारखा होता. तिला वाटत होतं की गाणं म्हटलं म्हणजे सांगून झालं, ऐकणारीनं डोळे पुसले म्हणजे कबूल केलं. संध्याकाळच्या गाडीनं बाबांनी तिला परत आणून सोडलं. सासूबाईंनी दार उघडून विचारलं, "जेवलीस का?" त्यानंतर तो विषय दोन्ही घरांत कधी निघाला नाही. अनसूयेनंही काढला नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात नणंदेच्या लग्नात कुणीतरी म्हणालं की हिची आई विहीण छान म्हणते, हिलाही येत असेल, आणि ती उभी राहिली.

"थांबलीस का?" मनस्विनी गॅलरीच्या दारात उभी होती. हातात ब्लाउजची पिशवी. ती कधी आली कळलं नाही. "म्हण की. छान वाटत होतं."

"तुला नको आहे ना."

"लग्नात नको म्हटलं. घरात म्हण." ती खाली फरशीवर बसली आणि मेथीची जुडी पुढं ओढून काड्या मोडू लागली. तिला मेथी निवडता येत नाही, देठ लांब ठेवते. "तू चिडलीयेस. सांगत नाहीस, पण आमटीत मीठ नव्हतं काल."

"होतं."

"बाबांनी 'हं' केलं म्हणजे असतं असं नाही." दोघी हसल्या. मग मनस्विनी म्हणाली, "आई, मला खरंच तुझं मन मोडायचं नाहीये. पण मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. तू हात जोडून उभी आहेस, रूपाकाकू पाटावर बसल्यात, आणि मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून. आणि सगळे माझी कीव करतायत. मला नाही गं सहन होणार. रूपाकाकू चांगल्याच आहेत. पण तू कुणापुढं हात जोडावेस असं मी काय केलंय?"

अनसूयेनं देठ लांब राहिलेल्या काड्या वेगळ्या काढल्या. खाली कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, तिला बोलायचं नव्हतं तरी म्हणाली, "मी एकदा गेले होते परत. कन्नडला. लग्नानंतर."

"म्हणजे?"

"म्हणजे निघून. गाण्याच्या क्लासवरून. अगदी क्षुल्लक होतं गं."

"मग?"

"मग काय. संध्याकाळची गाडी होती." तिला वाटलं आपण हे हसत सांगतोय, पण चेहऱ्यानं साथ दिली नाही. "आजी म्हणाली, विहिणीत सगळं सांगितलंय त्यांना."

मनस्विनीनं हातातली काडी खाली ठेवली. बराच वेळ ती आईकडे बघत राहिली, लहानपणी बघायची तशी. "तू मला हे कधीच सांगितलं नाहीस," ती म्हणाली. आणि मग उठताना, पिशवी उचलता उचलता, "गा तू. मी सुदर्शनला बासरी काढायला सांगते. फक्त रूपाकाकूंकडे बघून गाऊ नकोस."

"मग कुणाकडे बघून गाऊ?"

"ते तू ठरव."

त्यानंतरचे दिवस लग्नघरातले असतात तसेच गेले, कुठल्याही कामाला टोक नसलेले. पण अनसूयेच्या डोक्यात चाल फिरत होती आणि चालीत शब्द नव्हते. जुने शब्द तिनं काढून टाकले, तेव्हा आधी फार ओकंबोकं वाटलं. मग कधी कुकरच्या शिट्टीत, कधी शिंप्याच्या दुकानात, कधी लक्ष्मणराव मंगल कार्यालयाच्या मॅनेजरशी सनईवाल्याच्या जेवणावरून वाद घालत असताना एकेक ओळ यायची. ती कवयित्री नव्हती. यमक जमलं नाही की स्वतःवरच वैतागायची. काही ओळी फारच गोड झाल्या, त्या तिनं टाकून दिल्या. एकदा रिक्षात मोठ्यानं म्हणून बघितलं तर रिक्षावाला म्हणाला, "क्या काकू, घर में शादी है क्या?" ती म्हणाली, "हो." गाणं बांधताना आपल्याला भीती वाटतेय हे तिला कळत होतं. आजवर तिच्या गाण्याला रडू हमखास ठरलेलं होतं. शब्द बदलल्यावर ते येईल न येईल. इतक्या वर्षांनी स्वतःच्या लेकीच्या पंगतीत आपण गाऊन बसलो आणि नुसती शांतता पसरली तर काय करायचं, हा प्रश्न तिला लग्नाच्या सकाळी हळदकुंकवाची तबकं भरतानाही सुटला नव्हता.

लग्न लागलं. बीड बायपासच्या कार्यालयात माणसं मावेनात. सनई चांगली वाजली, लक्ष्मणरावांनी दर थोड्या वेळानं जाऊन ऐकून घेतली. मग वरमाईची पंगत बसली. पाटावर रूपाताई, शेजारी अमेय, त्याच्या पलीकडं मनस्विनी, ताटांभोवती रांगोळी, समोर मुलाकडची मंडळी. या बाजूला खुर्चीवर, ताट मांडीएवढ्या स्टुलावर ठेवून, द्वारकाबाई. त्यांनी आपल्या मुलाकडून कानाचं यंत्र नीट लावून घेतलं होतं आणि पदराचं टोक आधीच हातात धरलं होतं. बायकांनी पर्समधून रुमाल काढले. सुदर्शन माईक घेऊन आला. "काकू, व्हायोलिन सोडू ना?" तिनं मान हलवली. "नुसतं? बरं, नुसतं. लई भारी," तो म्हणाला आणि मागं सरला.

अनसूया उभी राहिली. रूपाताई तिच्याकडे बघून हसल्या, तिनंही हसून त्यांना नमस्कार केला, आणि मग पायानं जरा वळून ती मनस्विनीसमोर उभी राहिली. सूर तोच होता, आईकडून आलेला, मध्यमातला. पहिली ओळ नुसत्या आकारात गेली तोवर कुणाला काही कळलं नाही. रुमाल डोळ्यांजवळ पोचले होते.

थकून आलीस, बैस घटकाभर
कारण पुसेना, तुझंच हे घर

मुलाकडच्या एका आजीबाईंनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. कुणीतरी कुजबुजलं, "दुसरंच काहीतरी म्हणतायत या." अनसूयेला ते ऐकू आलं. पापण्यांच्या फटीतून बघायची सवय होती, पण आज तिनं डोळे पूर्ण उघडे ठेवले होते आणि तिला फक्त मनस्विनी दिसत होती. मनस्विनी रडत नव्हती. मानही खाली नव्हती. घास हातात तसाच धरून ती बघत होती.

भांडून आलीस, रुसून आलीस
कशाला आलीस, नाही पुसणार

इथं यमक नव्हतं. ते शेवटपर्यंत जमलं नव्हतं. तिथं तिनं आवाज सोडला, वर, जिथं विहीण कधी जात नाही, जिथं पूर्वी खिडकीत बसून ती जायची. वाढपी भांडं घेऊन थांबले. कार्यालयाच्या दारापाशी हात धुवायला निघालेले लोक थांबले, हात ओलेच ठेवून. कुणी रडत नव्हतं. शांतता होती, आणि तिला वाटलं होतं तेवढी भीती त्या शांततेची वाटत नव्हती.

परतीची गाडी, कुणी ना पाहील
मन म्हणे तोवर, लेक इथं राहील

ती थांबली. टाळ्या वाजवायच्या असतात का हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी वाजवल्या नाहीत. रूपाताईंनी हातातला घास ताटात परत ठेवला होता. त्यांच्यासाठी गायलेलं ते नव्हतंच, तरी रुमाल निघाला तो एकट्या त्यांचाच. मनस्विनीनं घास तोंडात घातला आणि चावत चावत आईकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. मग कुणीतरी जिलब्या मागितल्या आणि पंगत पुन्हा बोलू लागली.

अनसूया आईच्या खुर्चीशेजारी जाऊन बसली. द्वारकाबाईंच्या ताटातला भात तसाच होता, पदराचं टोक कोरडंच मुठीत होतं. त्या समोर बघत होत्या. अनसूयेनं सवयीनं त्यांच्या ताटातल्या भातावर वरण ओतलं, कालवलं, लिंबू पिळलं. गाणं कसं झालं असं तिनं विचारलं नाही. आई काय म्हणेल याची तिला कल्पना होती: शब्द विसरलीस का, वरमाईचं नाव नाही घेतलंस, लोकांना रडू आलं नाही. आईनं भाताला हात लावला नाही. मग तिनं वाकून, या खेपेला अजिबात न ओरडता, अनसूयेच्या मनगटावर हात ठेवला.

"ही विहीण मला कुणी शिकवलीच नव्हती गं," द्वारकाबाई म्हणाल्या.